पोचा पडलेला वाडगा

सारजाबाई, तू मेलीस हे मी अजून मान्य केलेलं नाही. लोक म्हणतात मेली. लोकांचं काय, लोक ओल्या कापसालाही कोरडा म्हणतात. मोर्णेच्या काठी तुझी लाकडं रचली तेव्हा मी तिथे उभा होतो, राख सावडली तेव्हाही होतो, तरी पाचव्या दिवशी सकाळी तुझ्या दुकानावरून तीन येरझाऱ्या घातल्या. चुलीतून धूर निघतो का, ते बघायला. तुझा काय भरवसा? जिने तीन वर्षं माझ्यासारख्याच्या तोंडाला पानं पुसली, ती यमालाही वाडगाभर शोरवा पाजून रिकाम्या हाती परत लावून देईल.

काल तुझी तेरवी झाली. वरण, भात, वडे. अख्ख्या अकोल्याला तू बोकडाच्या हाडांचा शोरवा पाजलास आणि तुझ्याच तेरवीला पंगतीत वरण फिरत होतं. नूरमियाँ पिंजारी लांब लिंबाखाली बसला होता. मला म्हणाला, "पारखीभाऊ, बाई असती तं वाढप्याच्या टाळक्यात पळी घातली असती." मी हसलो. मग पाणी प्यायचं निमित्त करून उठलो.

तर मी हे लिहितो आहे ते रडायला नाही. भांडायला. आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलीस, आणि अर्धवट काम मला खपत नाही.

माझा धंदा संशयाचा. साता समुद्रांपलीकडे कापूस पिकवणारे गोरे आपसात लढायला लागले, आणि इकडे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. मग काय, जो तो गठाणीत लबाडी कोंबायला लागला. कोणी पाणी शिंपडे, कोणी सरकी मिसळे, कोणी माती. तेव्हा बाजाराला माझी गरज पडली. मी गठाणीत कोपरापर्यंत हात घालायचो, तळातला पुंजका ओढायचो, दोन चिमटींत धागा ताणायचो, आणि सांगायचो. माल कोणाचा, शेत कोणतं, वेचणी कितवी, आणि वेचणाऱ्या बाईचं त्या दिवशी सासूशी भांडण झालं होतं की नव्हतं. एकदा एका गठाणीतून मी दगड काढला. बाजारात सांगताना त्याचं जातं झालं. अमरावतीला पोचेस्तोवर त्या जात्यावर एक म्हातारी दळत बसली होती. यात खोटं काही नाही. थोडा फुगवला म्हणून कापूस का रेशीम होतो?

तुझं दुकान तरी दुकान कुठे होतं? जुन्या शहरातली बोळ नदीकडे उतरते तिथे चार बल्ल्या, वर तुराट्यांचं छप्पर, बसायला रिकामी पोती. गाड्या कापूस घेऊन यायच्या, बैल नदीवर पाणी प्यायचे आणि माणसं तुझ्याकडे. उजाडता उजाडता चूल पेटायची, दुपारी कावळे खरकटं न्यायला यायचे तोवर हंडा खरवडून झालेला असायचा. वाडगाभर शोरवा, ज्वारीची भाकर, मिठात मुरलेल्या मुळ्याच्या फोडी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. रस्सा संपला की तू न विचारता पळी ओतायचीस. "पोट भरलं का?" असं तू कोणाला कधी विचारलं नाहीस. "अजून किती?" असं विचारायचीस. मी परगावी सांगायचो की सारजाबाईच्या दुकानापासून लागलेली गाड्यांची रांग इतकी लांब की शेवटच्या गाडीवाल्याचा नंबर येईपर्यंत त्याचा बैल म्हातारा होतो. चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवणारे धनीसुद्धा तुझ्या पोत्यावर मांडी घालून बसायचे. हे मात्र खरं. धाव चांदीची होती की कथलाची ते मी नखाने खरवडून पाहिलं होतं. एक चांदीची निघाली. बाकीच्यांबद्दल मी तोंड उघडत नाही.

पहिलं वर्ष मी तुझ्याकडे इतरांसारखंच खाल्लं. गोल वाडगा, तळाशी नळी, नळी चोखून फोडायची. मग एक पावसाळा गेला. आमच्या यमूला देवी आल्या होत्या त्या सालचा. पोर दोन वर्षांची, अंगावर तीळ ठेवायला जागा नाही. महिनाभर मी बाजारात गेलो नाही. पोर वाचली. त्यानंतर मी पहिल्यांदा तुझ्या पोत्यावर येऊन बसलो, तर तू माझ्यासमोर हा वाडगा ठेवलास. पितळी, काठाला पोचा पडलेला.

"बाई, हा काय वाडगा?"

"वाडगा हाये."

"बाकीच्यायले गोल, अन् मले चेमटलेला?"

"तुह्या तोंडाच्या मापाचा शोधून ठेवला बापा. तुहं तोंड कुठं सरळ हाये?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो, पण संशयाचं बी तिथे पडलं. दुसऱ्या दिवशी तोच वाडगा. तिसऱ्या दिवशी तोच. आणि त्यात हाड नाही. शेजारचा गाडीवान नळी ठोकतो आहे, कडाकडा चावतो आहे, आणि माझ्या वाडग्यात नुसता काळा, दाट रस्सा. मी माझ्या सवयीप्रमाणे तळ ढवळला, बोट फिरवलं, चिमटीत धरून पाहिलं. काही नाही.

"हाड कुठं गेलं?"

"हाड दात असणाऱ्यायले."

"माहे बत्तीस हायेत!"

"मंग मोजत बस. पेताना बोलू नोको, ठसका लागते."

सारजाबाई, खरं सांगतो, रस्सा मात्र उत्तम होता. पहिल्या वर्षापेक्षा चांगला. त्याला धुराचा वास होता, खोबऱ्याचा दाटपणा होता, वर तेलाचा तवंग. मी गावभर सांगत सुटलो की या पावसाळ्यानंतर सारजाबाईच्या हाताला चव आली. अमरावतीच्या बाजारात तर मी सांगितलं की तिचा बोकड रोज सकाळी अंबादेवीचं दर्शन घेतो, मग कापायला मान देतो. पण रोज माझं लक्ष एका गोष्टीवर. सगळ्यांना वाढताना तुझी पळी हंड्यात जायची. माझा वाडगा घेऊन तू पोत्याच्या पडद्यामागे जायचीस.

मी नूरमियाँला म्हणालो, "ही मले शिळा पाजते."

नूरमियाँ माझ्या शेजारचं कायमचं गिऱ्हाईक. आपला वाडगा घरून आणायचा, हाडं आपल्याच लोकांच्या खाटकाकडची आहेत याची खातरी करून मग बसायचा. दिवसभर धनुष्य ठणठणवून कापूस पिंजणारा माणूस, केसांत सदा पांढरा फुफाटा. तो म्हणाला, "शिळा असता तं तुमी मेले असते. रोज येऊन राहिले, म्हंजे ताजा हाये."

"मंग पडद्यामांगं काहून जाते?"

"भाऊ, बाईमाणूस पडद्यामांगं गेली तं त्याची पंचाईत करू नये. आमच्यात तरी नाई करत."

त्याला शरीफपणाने सुचलं ते मला धंद्याने सुचलं नाही.

तो दिवस मला आठवतो. तुलाही आठवत असेल, जिथे असशील तिथे. संक्रांत होऊन गेली होती, बाजार भरभरून वाहत होता. मी आदल्या दिवशी एका बड्या आसामीच्या सगळ्या गठाणी नापास केल्या होत्या, त्यामुळे माझी छाती दाराच्या चौकटीत मावत नव्हती. मी ठरवून आलो की आज या बाईचीही गठाण फोडायची. माझ्या शेजारी शेंदूरजन्याचा एक गाडीवान बसला होता, घाट उतरून आलेला, झोपेने पेंगुळलेला. तू दोघांपुढे वाडगे ठेवलेस आणि वळलीस. मी झटकन अदलाबदल केली. पोच्याचा त्याच्यापुढे, गोल माझ्यापुढे. गोल वाडग्यात हाताएवढी नळी. मी वाडगा उचलला, ओठाला लावला.

पुढे काय झालं ते मी पन्नास प्रकारांनी सांगितलं आहे. आज पहिल्यांदा जसं झालं तसं लिहितो. तू वळून पाहिलंस. तुझा चेहरा पांढरा पडला. तू तीन ढांगांत आलीस आणि हातातली पळी माझ्या वाडग्यावर हाणलीस. सगळा शोरवा माझ्या नव्या धोतरावर. मी बोंबललो. तुझं तिकडे लक्षच नाही. तू त्या गाडीवानाच्या हातचा पोच्याचा वाडगा हिसकलास, आणि तो वाफाळता रस्सा उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकलास. एका दमात. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पाल पडली होती," तू म्हणालीस.

"कोनच्या वाडग्यात?"

"दोनीत."

"दोन पाली?"

"जोडप्यानं पडल्या."

"अन् पाल पडलेला तू पेली?"

"मले चालते."

मी ती पाल शोधली. धोतर झटकून, पोती उलटून, चुलीतली राख चाळून. दुकानातली माणसं हसून हसून आडवी झाली होती. पाल नव्हती. पुरावा पिऊन टाकणारा लबाड मी माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि माझा निकाल झाला. तू माझ्या वाडग्यात काहीतरी घालत होतीस जे तुला कोणाला चाखू द्यायचं नव्हतं.

"सरकी!" मी ओरडलो. "सरकी वाटून घालते ही! ढोराचं खाणं माणसायले पाजून राहिली!"

तू काही बोलली नाहीस. जीभ भाजली होती म्हणून, असं मला तेव्हा वाटलं.

पुढचं मी केलं ते चांगलं नव्हतं. मी बाजारात सांगितलं. आणि मी सांगतो तेव्हा ते कसं सांगतो, ते तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी तुझ्या शोरव्यात सरकी होती. दुसऱ्या दिवशी सरकीची पेंड. आठवडा संपेस्तोवर तुझं दुकान म्हणजे तेलाची घाणी झाली होती आणि तुझा शोरवा प्यालेल्या एका गाडीवानाच्या कानातून कापसाचं झाड उगवलं होतं. लोक हसायचे. हसता हसता त्यांनी पलीकडच्या बोळीतल्या दुकानात खायला सुरुवात केली. पारख्याने सांगितलं म्हटल्यावर! तुझ्या पोत्यांवर माणसं कमी झाली. तू दुपारी हंडा नदीवर नेऊन ओतलास, असं मी एकदा पुलावरून पाहिलं. मला आनंद झाला, सारजाबाई. हेही लिहून ठेवतो.

मग मी चार महिने अमरावतीला राहिलो. तिथल्या बाजाराला माझी गरज होती असं मी सांगायचो. तिथे मी झुणका-भाकर खाल्ली. अमरावतीत मी मांस खात नाही. लोकांना सांगतो की तिथलं पाणी मानवत नाही. खरं कारण आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि ते मलाच ठाऊक आहे असं मी समजत होतो.

पावसाच्या तोंडावर परत आलो. पाय मेले आपोआप तुझ्या बोळीत वळले. तू भाकर थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "सरकी संपली बापा. कापसाचा हंगाम सरला."

"मंग काय हाये?"

"तुह्यासाठी पाल राखून ठेवली."

आणि पोच्याचा वाडगा पडद्यामागून आला. चार महिने कोणी त्याला वापरलं नव्हतं, तरी घासून लख्ख. मी तळ ढवळला, बोट फिरवलं, आणि प्यालो. आपण दोघांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलायचं नाही असं ठरवलंच नव्हतं, पण बोललो नाही. मी माफी मागितली नाही. मागावी असं मला वाटलं नाही. उलट, मनातून मी अजून पहारा देत होतो.

तू आजारी पडलीस तेव्हा मी बघायला आलो होतो. तुझी सून गोदा हवा घालत होती. तू इतकी लहान झाली होतीस की पांघरुणात कोण आहे ते हाताने चाचपून बघावं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पारख्या, वाडगा बदलू नोको रे."

मी समजलो, टोमणा आहे. मीही म्हणालो, "तू आधी बरी हो, मंग हंडाच बदलतो."

तू हसलीस. ते आपलं शेवटचं बोलणं. मी घरी जाताना मनात म्हणत होतो, मरतानाही बाईने गुपित सोडलं नाही.

तू गेल्याची खबर आमच्या घरी मीच नेली. सगुणा दळत होती. आमची सगुणा रडणारी बाई नाही. मी सांगितलं आणि जातं थांबलं. ती जात्याच्या खुंट्याला कपाळ टेकून रडली, ती अशी की आई गेल्यासारखी. मला पहिली शंका तिथे आली. तुझी आणि माझ्या बायकोची ओळख कुठली? ती कधी तुझ्या बोळीतून गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी दहा दिवस विचारलं. दहा दिवस ती म्हणाली, "होती ओळख." अकराव्या दिवशी मी म्हणालो, "सरकीवालीसाठी इतकं रडून राहिली?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं.

सारजाबाई, हे तुला माहीत आहे, तरी मला लिहिलं पाहिजे. यमूच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. नारायण. त्यालाही देवी आल्या होत्या. घरात देवी असताना फोडणी द्यायची नाही, मांसाला शिवायचं नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मी पाचव्या दिवशी कामाला अमरावतीला गेलो, तिथे एका ओळखीच्याकडे बोकड पडला होता. मी मनाशी हिशेब केला की देवी अकोल्यात आहे, मी अमरावतीत आहे. एवढ्या लांबून तिला काय दिसणार? मी जेवलो. दोन दिवसांनी परत आलो आणि त्याच आठवड्यात नारायण गेला. मी कोणाला बोललो नाही. सगुणाही काही बोलली नाही. ती त्या अकराव्या दिवशी म्हणाली, "धोतर म्या धुतलं होतं. वास गेला नाई."

सात वर्षं तिने ते पोटात ठेवलं.

म्हणून यमूला देवी आल्या तेव्हा तिने मला काही विचारलं नाही. कौंडण्यपूरच्या रुक्माईला तिने नवस बोलला की पोर वाचव, माझ्या धन्याच्या तोंडी जन्मात मांस जाणार नाही. नवस तिचा, तोंड माझं. मला सांगायची सोय नाही, कारण मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हे तिला ठाऊक. घरात तिने मांस बंद केलं. "मन उडालं," म्हणाली. बाहेर मी खातो तो फक्त तुझ्याकडे, हेही तिला ठाऊक. म्हणून पोरीच्या अंगावरच्या खपल्या पडायच्या आधी ती तुझ्याकडे आली. ओळख ना देख. तुझ्या पडद्यामागे बसून तिने तुला सगळं सांगितलं. नारायणचंसुद्धा.

मी विचारलं, "मंग बाई काय म्हणाली?"

सगुणा म्हणाली, "म्हणाली, तुहा नवरा लय मोठा पारखी हाये म्हणतात. बघू."

कुळीथ, सारजाबाई! कुळथाचं कढण! सगुणा दर पंधरा दिवसांनी पदराखाली कुळीथ आणून द्यायची, आणि तू वेगळ्या गाडग्यात ते शिजवून, भाजलं खोबरं आणि जवस वाटून, निखाऱ्यावर तूप सोडून त्याला धूर द्यायचीस. जे कुळीथ आपण बैलाला घालतो ते! तीन वर्षं! वऱ्हाडातला सगळ्यात मोठा पारखी, धाग्यावरून शेत ओळखणारा, मिटक्या मारत कुळीथ प्यायला आणि बोकडाच्या नावाने मान डोलावत राहिला. ती पाल, ती उकळत्या घोटाने भाजलेली जीभ, ते तुझं गप्प राहणं. मी तुला सरकीवाली ठरवत होतो, हंडा नदीत ओतला जात होता. तुला एका वाक्याने माझं तोंड बंद करता आलं असतं. पण ते वाक्य बोललं असतं तर नवस मला कळला असता, आणि मग मी त्याचं काय केलं असतं याचा तुम्हा दोघींना भरवसा नव्हता.

बरोबरच केलंत. मलाही नाही.

आता हे मी लिहिलं म्हणजे माझी पारख संपली. उद्या बाजारात पोरंटोरं विचारतील, "काका, हा कापूस हाये का कुळीथ?" विचारू देत. तुझ्या शोरव्यात सरकी कधीच नव्हती. हे मी न फुगवता लिहितो आहे, आणि जेवढ्या लोकांना ती गोष्ट सांगितली तेवढ्यांना हे वाचून दाखवणार आहे. ज्याच्या कानात झाड उगवलं होतं त्याला आधी.

पण माझा स्वभाव जाईल का? सगुणा सांगून मोकळी झाली, डोळे पुसून दळायला बसली, आणि माझ्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. ती म्हणते सारजाबाईने कुळीथ पाजलं. पण तिने कुठे चाखलं होतं? कुळीथ तुझ्या हाती दिलं एवढंच तिला माहीत. तुझ्या दारात बैल होता. तू कामाची बाई, पहाटेची घाई, शंभर तोंडं. एका पोरीच्या आईचं मन राखायला "हो बाई, हो" म्हणाली असशील, कुळीथ बैलाला घातलं असशील, आणि मला हंड्यातलाच रस्सा हाड काढून दिला असशील. मग पडद्यामागे कशाला जायचीस? हाड काढायला! मग पळी का हाणलीस? सगुणा एखाद्या दिवशी पडद्यामागून बघत असेल म्हणून! बघ, गठाण उघडली की मला तळापर्यंत गेल्याशिवाय राहवत नाही. तू मला तिच्यासाठी फसवलंस, की तिला माझ्यासाठी? दोनपैकी एक माप खोटं आहे.

तपासायचा उपाय एकच होता, आणि फार सोपा.

आज सकाळी गोदाने पहिल्यांदा चूल पेटवली. मी पुलावरून धूर पाहिला आणि क्षणभर मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो! मग खाली उतरलो. नूरमियाँ आधीच येऊन बसला होता. गोदाला मी विचारलं, "मांगं एखादं लहान गाडगं हाये का?"

"हाये नं भाऊजी. आत्याबाई कोनाले हात लावू देत नोत्या. काळंभोर झालं हाये. काय शिजवत होत्या देव जाने."

"चाखलं नाई कधी?"

"हात लावला तं पळी बसे."

तिने मला हंड्यातला शोरवा वाढला. गोल वाडगा, तळाशी नळी. वाफ माझ्या तोंडावर. घोटभर पुरे होता. तीच चव लागली असती, तर तू सगुणाला फसवलंस, मी तीन वर्षं मांस खाल्लं, आणि पोर नवसाशिवायच जगली. दुसरी लागली असती, तर तू खरी, नवस खरा, आणि त्या घोटाने मी तो आत्ता मोडला. असा सौदा मी आजवर पाहिला नव्हता. गठाण उघडायची म्हणजे माल जाळायचा.

घरून निघताना यमू अंगणात बसली होती. तोंडावर देवीचे वण, दोन्ही गालांवर पाचपाच, मी मोजलेले आहेत. मला म्हणाली, "बाबा, सारजाबाई आता कोनाले जेवाले वाढते?" मी म्हणालो, "देवाले." ती म्हणाली, "हाड देते का त्याले?"

मी वाडगा धरून बसलो. किती वेळ, ते नूरमियाँ सांगेल. शोरव्यावर चरबीची साय धरायला लागली. मला सवयीने तळ ढवळावासा वाटला. बोट काठापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"भाऊ," नूरमियाँ हळूच म्हणाला, "थंडा झाला."

मी वाडगा खाली ठेवला आणि गोदाकडे सरकवला.

"काहून भाऊजी? खारट झाला का?"

"नाई. पोच्याचा वाडगा कुठं हाये?"

तिने फळीवरून काढून दिला. धूळ होती, मी धोतराने पुसली.

"घरात कुळीथ हाये?"

"हाये. पन ते बैलाचं."

"शिजव. बैलच आला हाये."

गोदा पडद्यामागे गेली. गाडगं चुलीवर चढलं. कुळीथ शिजायला वेळ लागतो, सारजाबाई, हे मला माहीत नव्हतं. सकाळचे गाडीवान जेवून गेले, दुसरे आले. तू कोंबडा आरवायच्या आधी उठून एका माणसाच्या वाडग्यासाठी ही आच सांभाळत असशील, रोज, असा विचार मी पोत्यावर बसून केला. असशील, असंच मी म्हणतो. त्यापुढे मी तपास केला नाही.

गोदाने आणून ठेवलं ते पाणचट होतं. अर्धे दाणे टणक, मीठ दोनदा पडलेलं, धूर नाही, खोबरं नाही. मी तळ न ढवळता वाडगा तोंडाला लावला आणि शेवटच्या दाण्यापर्यंत प्यालो.

"कसं झालं भाऊजी?" गोदाने विचारलं.

"अगदी बोकडावानी," मी म्हणालो. "उद्यापासून रोज ठेव."